मळ्यातली रात्र आणि उशाशी कोयता

वाचकाचं पत्र, थोडक्यात: निफाड तालुक्यातले पस्तिशीचे द्राक्ष बागायतदार. घर गावापासून दीड किलोमीटरवर, मळ्यात. घरात आई-वडील, पत्नी आणि दोन लहान मुलं. गेल्या चार महिन्यांत त्यांच्या शिवारात तीन विहिरींवरच्या केबली कापून नेल्या. एका वस्तीवर दरोडा पडला, म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं. तेव्हापासून हे गृहस्थ उशाशी कोयता घेऊन झोपतात. महिन्यापूर्वी रात्री दोनच्या सुमारास कुत्री भुंकली म्हणून ते बाहेर आले, तर विहिरीजवळ कुणीतरी उभं. ते लिहितात, "मी कोयता घेऊन धावलो. तो बांधावरून पळाला म्हणून वाचला, नाहीतर सोडला नसता." नंतर वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी मोटारीभोवती उघडी तार ओढली आणि दोन रात्री तिच्यात करंट सोडून पाहिला. वडिलांचं म्हणणं, एक आडवा केला की परत कुणी फिरकत नाही. त्यांचा संशय नदीकाठी पालं टाकून राहिलेल्या लोकांवर आहे. पत्रात शेवटी एक ओळ आहे, "बायको म्हणते मोटार गेली तर जाऊ द्या." त्यांचे प्रश्न तीन: चोर घरात शिरला आणि माझ्या हातून मेला, तर मला शिक्षा होईल का? बंदुकीचा परवाना काढावा का? आणि कायदा नेहमी चोराच्याच बाजूने का असतो?

*

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण तुम्ही जे विचारलेलंच नाही त्याचं आधी बोलू, कारण ते उद्यावर टाकता येणार नाही. ती तार. आत्ता उठा, मेन स्विच पाडा आणि ती तार तिथून काढून टाका. मग पुढचं वाचा.

बिहारमधली एक जुनी गोष्ट सांगते. एका माणसाच्या शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली, म्हणून त्या घरातली माणसं याच्या संडासात जाऊ लागली. याने तोंडी मनाई केली. ती कुणी ऐकेना, तेव्हा याने संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर तांब्याची उघडी तार ओढली आणि तिच्यात घरचा करंट सोडला. शेजारची एक बाई त्या तारेला चिकटून मेली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६३ साली निकाल लागला. त्या माणसाचं म्हणणं असं की जागा माझी, ती बाई विनापरवाना आली, माझ्या मालमत्तेचं रक्षण करायचा मला हक्क आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. दुसऱ्याच्या जागेत शिरणारा चुकतो हे खरं, पण म्हणून त्याच्या जिवाला कायद्याचं संरक्षण उरत नाही असं नाही. मृत्यू ओढवेल असा सापळा लावून ठेवणं म्हणजे संरक्षण नव्हे, असं ठरून त्याची शिक्षा कायम झाली.

तुमच्या तारेला तो निकाल जसाच्या तसा लागू पडतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला म्हणून आज भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि माणूस मरेल हे ठाऊक असताना तुम्ही करंट सोडला असं सिद्ध झालं, तर गोष्ट सदोष मनुष्यवधापर्यंत जाते. तुमचं पत्रच ते सिद्ध करायला पुरेसं आहे. स्वसंरक्षणाचा बचाव इथे मिळत नाही, कारण त्यात समोरच्याने काय केलं, तुम्हाला काय दिसलं, काय वाटलं, हे बघितलं जातं. तार काहीच बघत नाही. पहाटे औषध फवारायला निघालेला गडी, चेंडू आणायला धावलेलं तुमचं पोर, शेजारच्या बांधावरून आपली मोटार चालू करायला आलेला चुलतभाऊ, तिला सगळे सारखेच. आपल्या राज्यात दरवर्षी पावसाळ्यात आणि मक्याच्या दिवसांत रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटने माणसं मेल्याच्या बातम्या येतात. बहुतेकदा मेलेला त्याच गावातला असतो. जनावरांसाठी कुंपण हवंच असेल तर बाजारात मिळणारं प्रमाणित झटका मशीन घ्या. ते थांबून थांबून, जीव जाणार नाही असा धक्का देतं. त्यावरही पाटी लावा. पण मेन लाइनचा करंट कुंपणात कधीही नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची भीती त्याच्यावरच उभी आहे. कायदा चोराच्या बाजूने आहे असं तुम्हाला वाटतं. मळ्यात राहणारे खूपजण मला हेच लिहितात. मी वकिलीत बरीच वर्षं काढली, आणि मला हे पटत नाही. तुमच्या हक्काला आपल्या कायद्याने जेवढी जागा दिली आहे, तेवढी तुम्ही स्वतःसुद्धा मागितली नसती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यातली कलमं ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाच्या हक्काची. आधीच्या दंडसंहितेत हीच कलमं ९६ ते १०६ होती, मजकूर जवळपास तोच. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करायचा हक्क तुम्हाला आहे. हल्ला असा असेल की आपण मरू, जबर जखमी होऊ, बलात्कार होईल, उचलून नेतील, कोंडून ठेवतील, ॲसिड टाकतील, अशी रास्त भीती वाटावी, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. कलम ३८ वाचा. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, आणि ज्या चोरीत किंवा घुसखोरीत प्रतिकार केला नाही तर जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असते ती, एवढ्या प्रसंगी हा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. रात्रीच्या घरफोडीचा कायद्याने वेगळा उल्लेख केलाय, कारण अंधारात दार फोडून आत आलेल्याच्या हातात काय आहे आणि मनात काय आहे, हे झोपेतून उठलेल्या माणसाला कळायचा मार्ग नसतो, हे तो लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

न्यायालयंही या बाबतीत कंजूस नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. जिवावर बेतलेल्या माणसाने वार मोजूनमापून, एकेक पायरी चढत करावा अशी अपेक्षा नाही. भीती रास्त असली की झालं, प्रत्यक्ष वार अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. बचाव शंकेला जागा न ठेवता सिद्ध करायची सक्तीही आरोपीवर नसते. घडलं ते असंच घडलं असणं जास्त संभवनीय आहे, एवढं दाखवलं तरी पुरतं. तेव्हा रात्री दोन वाजता चार माणसं दार फोडून आत आली, एकाच्या हातात कुऱ्हाड आहे, मुलं आतल्या खोलीत आहेत आणि तुम्ही हाताला लागेल त्याने मारलंत, एखादा मेला, तर कायदा तुमच्या पाठीशी उभा राहायला बांधलेला आहे. पोलीस कदाचित गुन्हा नोंदवतील, कदाचित अटकही होईल, कारण माणूस मेलाय आणि तपास करावाच लागतो. ते दिवस कठीण जातील. पण त्या रात्री कायद्याच्या भीतीने हात आखडायची तुम्हाला गरज नाही. घरात मुलंबाळं असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

पण हा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हेही याच कलमांत लिहिलंय. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती घ्यायची, असं कलम ३७ सांगतं. कलम ४३ म्हणतं, रात्रीच्या घरफोडीत हा हक्क घुसखोर घरात आहे तोवर असतो. आणि उघड्या शेतातली केबल कापणं ही चोरी आहे, घरफोडी नव्हे. तिथे तुम्ही माणसाला धरू शकता, केबल हिसकावून घेऊ शकता, झटापट करू शकता. त्याने हत्यार काढलं आणि तुमच्या जिवाला धोका झाला तर हक्क पुन्हा वाढतो. पण नुसत्या केबलीसाठी जीव घेता येत नाही.

म्हणून तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यावर मी अडखळले. "तो बांधावरून पळाला म्हणून वाचला." तो पळत होता. पाठमोरा होता. तुमचा धोका त्या क्षणी तुमच्यापासून लांब जात होता. त्या रात्री तुम्ही त्याला गाठलं असतं, तर आज हे पत्र तुम्ही कुठून लिहिलं असतं?

नाशिकच्या कोर्टात चालवलेला एक खटला माझ्या मनातून कधी गेला नाही. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. माझा अशील शेतकरीच होता. रात्री कांद्याच्या चाळीत खुडबुड झाली म्हणून कुऱ्हाडीचा दांडा घेऊन गेला. आत एकजण होता, त्याने विळा उगारला. अशिलाने त्याच्या हातावर दांडा घातला, विळा पडला. इथपर्यंत तो पूर्णपणे हक्काच्या आत होता, न्यायाधीशांनीही पुढे निकालात तसंच लिहिलं. मग तो माणूस पळाला. अशील मागे धावला, बांधाशी गाठलं आणि डोक्यात मागून दोन घाव घातले. पंचनाम्यात चाळीच्या दारापासून मयतापर्यंतचं अंतर लिहिलं होतं, बावीस पावलं. विळा चाळीतच सापडला. पोस्टमॉर्टेमच्या कागदात जखमा डोक्याच्या मागच्या बाजूला. तीन वर्षं मी त्या बावीस पावलांवर वाद घातला. रात्र होती, घाबरला होता, तो परत उलटेल असं वाटलं, सगळं मांडलं. न्यायालयाने खून मानला नाही. हक्क होता, तो सद्भावनेने वापरताना मर्यादा ओलांडली गेली, आधीपासून कट नव्हता, अशा वेळी कायदा खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरतो. सात वर्षांची शिक्षा लागली. तो आत असताना घरच्यांना बाग झेपेना, पुढे ती उपटावी लागली.

मला जास्त आठवतं ते वेगळंच. पहिल्या तारखेला कोर्टाबाहेरच्या बाकावर तो जामिनावर सुटलेला अशील बसला होता. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. तिला वाचता येत नव्हतं. तिने हातातला कागद त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, "बाबा, बघ रे, आमचा नंबर कितवा?" त्याने कागद घेतला, नाव वाचलं. ती मेलेल्याची आई होती. तो तिला नंबर सांगून उठला आणि जिन्यात जाऊन उभा राहिला. नंतर तीन वर्षं प्रत्येक तारखेला ती यायची आणि तो जिन्यात उभा राहायचा.

मी हे तुम्हाला चोराची कीव यावी म्हणून सांगत नाही. विळा उगारणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण तुम्ही विचारलंत तो प्रश्न शिक्षेचा होता, आणि शिक्षा झाली नाही तरी जे उरतं त्याचा हिशोबही तुमच्यासमोर असावा.

परदेशात घरात शिरला की गोळी घालता येते, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. इंग्लंडमध्ये १९९९ साली टोनी मार्टिन नावाचा एकटा राहणारा शेतकरी होता. घरात याआधीही चोऱ्या झाल्या, पोलीस काही करत नाहीत, असं तो सांगायचा. तुमच्याच पत्रातली भाषा. एका रात्री दोघे आत शिरले, त्याने शॉटगन झाडली. सोळा वर्षांचा एक मुलगा पाठीत छर्रे लागून मेला. ज्युरीने खून ठरवला. २००१ मध्ये अपिलात त्याच्या मानसिक अवस्थेचा विचार होऊन शिक्षा कमी झाली, २००३ मध्ये तो सुटला. त्याच्यावरून अख्खा देश दोन बाजूंनी भांडला. त्याची भीती खोटी होती असं मला वाटत नाही. तुमचीही नाही. पण खऱ्या भीतीनेही हात चुकीच्या माणसावर, चुकीच्या क्षणी पडतो.

आणि चुकीचा माणूस आपल्या शिवारात किती सहज सापडेल याचा विचार करा. शेतीचा लाइट काही दिवस रात्रीचा असतो. म्हणजे रात्री एक-दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीकडे जाणारा माणूस आपल्याकडे रोजचाच आहे, कुणी मोटार चालू करायला, कुणी दारं धरायला. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत पेठ, सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं शेडमध्ये उतरलेली असतात, त्यातलं कुणी रात्री पाण्याला उठतं. थंडी वाढली की बागांतून शेकोट्या करत माणसं जागी असतात. मेंढपाळाचा वाडा कुणाच्या तरी वावरात बसलेला असतो. बिबट्याच्या भीतीने कुणी फटाके घेऊन फिरत असतं. त्या रात्री विहिरीजवळ दिसलेला माणूस चोर होता हे तुम्हाला कशावरून कळलं? तो पळाला यावरून? अंधारातून कोयता घेऊन धावत येणारा माणूस बघून मीही पळाले असते. शेजारच्या चार घरांत विचारा, त्या रात्री पाण्याची पाळी कुणाची होती. कदाचित कुणीच नव्हतं आणि तो खरंच केबल चोर होता. पण तुम्ही विचारलेलं नाही, हे मला पत्रावरून दिसतं.

पालांबद्दलही तेच. "तीच माणसं असणार" हे वाक्य आपल्या गावांत फार जुनं आहे. १८७१ साली इंग्रजांनी काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या जमाती विमुक्त झाल्या. पण गावात केबल गेली की बोट अजून त्याच दिशेला जातं. या बोटापायी काय होतं ते आपण जवळून पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत आलेले डवरी गोसावी समाजाचे पाचजण मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकले. त्याच सुमारास आपल्या मालेगावातही एक भिक्षेकरी कुटुंब अशाच अफवेत जमावाच्या हाती लागलं होतं. तिथल्या लोकांनी आणि पोलिसांनी वाचवलं म्हणून ते वाचलं. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या मारहाणीत गेले, चोर फिरतायत या अफवेच्या दिवसांत. मारणाऱ्यांत कितीतरी तुमच्यासारखेच होते, घराच्या काळजीने रात्री जागणारे.

तुम्ही गस्तीच्या ग्रुपमध्ये असाल, किंवा पुढे जाल, म्हणून हेही सांगते. डोळ्यांसमोर चोरी करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे अटक-तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याचं, कलम ४० तसा अधिकार देतं, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायला सांगतं. पकडणं एवढंच. बांधून मारहाण, व्हिडिओ काढणं, "धडा शिकवणं", हे काहीही त्यात बसत नाही. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून मारलं आणि तो मेला, तर घाव कुणाचा लागला हे न बघता सगळ्यांवर जबाबदारी येऊ शकते. आणि जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून जमावाने खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये त्यासाठी वेगळं पोटकलम आहे, शिक्षा जन्मठेप किंवा फाशी.

बंदुकीचा परवाना ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात, शहरात पोलीस आयुक्त. अर्ज करायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. पण माझं मत विचारलंत तर काढू नका. घरात दोन लहान मुलं आहेत आणि "एक आडवा करा" म्हणणारे वडील आहेत. बंदूक आहे हे गावाला कळतंच, आणि दरोडेखोराला ती मोटारीपेक्षा जास्त हवी असते. आणि मूळ अडचण बंदूक सोडवत नाही. तुमची अडचण ही आहे की दीड किलोमीटर अंधारात तुम्ही एकटे आहात.

त्या एकटेपणावर उपाय आहेत, आणि ते हत्यारांपेक्षा स्वस्त पडतात. घराला आणि विहिरीच्या शेडला हालचाल टिपून पेटणारे सोलर दिवे लावा. मळ्यात हे दिवे लावल्यापासून चोर दोन वस्त्या सोडून पुढे जातात, असं मला अनेकांनी सांगितलं. आतली एक खोली पक्की करा, जाड दार, आतून दोन कड्या. रात्री काही झालं तर सगळ्यांनी तिथे जायचं, हे मुलांना खेळासारखं शिकवा. त्या खोलीत एक चार्ज केलेला फोन. पहिला फोन ११२ ला, दुसरा पोलीस पाटलांना. जिल्ह्यात बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे, एका टोल फ्री नंबरवर बोललं की तुमचा आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी जातो. तुमच्या गावात आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा, नसेल तर ग्रामसभेत मागा. आजूबाजूच्या चार मळ्यांचं एक ठरवून ठेवा: रात्री मोटारीला जाणाऱ्याने ग्रुपवर एक ओळ टाकायची आणि दुरून हाक द्यायची. एवढ्यानेही बरेच घोटाळे टळतात. केबलीवर रंगाने नाव टाका, मोटारीचा नंबर लिहून ठेवा, चोरी झाली की एफआयआर करा. "सापडणार थोडीच" म्हणून तक्रार करायची सोडू नका, कारण गस्त कुठे लावायची हे पोलीस तक्रारींवरूनच ठरवतात.

आवाज आला तर बाहेर जाऊ नका. आतून दिवे लावा, ओरडा, शिट्टी वाजवा, फोन करा. बहुतेक चोर तेवढ्यावर निघून जातात. गेले की जाऊ द्या, केबल घेऊन गेले तरी. दार फोडून आत आलेच आणि फक्त दागिने मागत असतील तर द्या. अंगावर आले तर लढा, आणि लढताना कलमं आठवत बसू नका. समोरचा पडला, पळाला किंवा हत्यार टाकलं की थांबा. हे थांबणं मात्र आधी मनाशी पक्कं केलेलं हवं, त्या क्षणी सुचत नाही.

आणि देव न करो, कुणी जखमी झालंच, तर तो चोर असला तरी १०८ ला फोन करा. पोलिसांना स्वतः कळवा. जागेवरचं काही हलवू नका, रक्त पुसू नका, हत्यार धुऊ नका, कपडे बदलू नका. स्वतःच्या अंगावरचा लहानसा ओरखडाही सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या. घडलं तसंच सांगा, कुणाच्या सल्ल्याने गोष्ट फिरवू नका. खऱ्या स्वसंरक्षणाचे खटले खोट्या जबानीने बिघडलेले मी पाहिलेत.

वडिलांशी बोलायचं अवघड काम राहिलं. "एक आडवा केला की परत कुणी फिरकत नाही" असं ते म्हणतात, कारण बहुधा त्यांनाच सगळ्यात जास्त भीती वाटते. दरोडा पडला त्या घरातली म्हातारी त्यांच्याच वयाची. त्यांना कायदा सांगू नका. तुमच्या नातवाचा बाप सात वर्षं आत गेला तर बाग कोण बघेल, एवढंच विचारा. आणि गप्प बसून ऐका.

पत्नीचं वाक्य तुम्ही पत्राच्या तळाशी, तक्रारीच्या सुरात लिहिलंय. तिने रात्री तुम्हाला कोयता घेऊन अंधारात पळताना पाहिलंय. मोटार चाळीस हजारांची असेल, पन्नासची असेल. तिने तिच्या मनात एक हिशोब मांडलाय आणि त्यात मोटार तुमच्यापेक्षा स्वस्त निघाली आहे. तिला एकदा नीट विचारा, त्या रात्री तिने काय पाहिलं.

तोवर एवढं करा. कोयता दिवसा जिथे असतो तिथे, पडवीतल्या खुंटीला, अडकवा. उशाशी बॅटरी, शिट्टी आणि चार्ज केलेला फोन ठेवा.